पट्टेदार मुठीची सुरी

मेहकरचा फकीर मोहम्मद खाटीक बकऱ्या पाहायला सुलतानपुरात आला की अन्वर शिकलगाराच्या दारात एकदा डोकावून जायचा. त्या दिवशी तो आला तो उभाच राहिला. अन्वरच्या बायकोने, सलीमाने पाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं पण प्यायला नाही. म्हणाला की दुसरबीडच्या रंगराव पाटलाच्या पोटात कुणीतरी सुरी खुपसली. माणूस वाचला आहे, मेहकरच्या दवाखान्यात आणला आहे, पण अजून उठून बसत नाही, तोंडाला फडकं बांधलेले चोर होते एवढंच सांगतो. दिवस मावळताना आपल्या शेताच्या बांधावर पडलेला सापडला, आणि सुरी तिथंच मातीत होती.

"भाभी," तो आवाज उतरवून म्हणाला, "मूठ पट्ट्यायची हाय."

पाणी देऊन सलीमा पुन्हा मुठीवर कानस चालवत होती. तिचा हात जागीच थांबला.

फकीर मोहम्मदने पुढचंही सांगून टाकलं. जमादार सकाळीच त्याच्याकडे येऊन गेला होता. त्याच्याकडची पट्ट्याची सुरी त्याने काढून दाखवली, म्हणून तो सुटला. नांदुऱ्याच्या व्यापाऱ्याकडे आणि बुलढाण्याच्या वकिलाकडेही शिपाई गेले आहेत. राहिली ती एकच. पाणी तसंच ओट्यावर ठेवून तो निघून गेला. त्याने आपणहून काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच सलीमाला जास्त लागलं.

त्या लाकडाच्या सुऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणी केलेल्या नव्हत्या. बुलढाण्याला एका गोऱ्या साहेबाची नागपूरला बदली झाली तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. त्यात एक मोडकं टेबल होतं, ते अन्वरने उचललं. साहेबाच्या खानसाम्याने सांगितलं की हे लाकूड जहाजातून आलेलं, हबशांच्या मुलखातलं. फिकट, मधाच्या रंगाचं लाकूड आणि त्यावर काळपट रेघा, एकीशेजारी एक, जणू कुणी बोटांनी ओढल्या आहेत. करवत लावली की त्याला ओल्या कातड्यासारखा घाण वास यायचा. सलीमाचं डोकं त्या वासाने उठायचं. शिवाय ते चिवट होतं, रेघेवर रेघ आडवी जाई आणि कानशीखाली त्याचे तंतू निघत. अन्वर पाती घडवायचा, पाणी देऊन कडक करायचा. मुठी मात्र पहिल्यापासून सलीमाच्या. तिने ते लाकूड घासून घासून, जवसाचं तेल जिरवून असं केलं की बाजारात लोक पात्याकडे न पाहता मुठीवरून हात फिरवायचे. टेबलाचं बरंचसं लाकूड तडकलेलं निघालं. चार सुऱ्या झाल्या तेवढ्याच. सगळ्यांत लहान होती ती अन्वर विकायचा नाही. फेरीवर निघाला की धार लावायच्या चाकाच्या चौकटीला ती पुढे टांगायची, म्हणजे गिऱ्हाईक थांबतं.

परवा तो फेरीवरून परतला तेव्हा चौकट रिकामी होती. सलीमाने विचारलं तर म्हणाला, इकली. कुणाला, तर होता एक वाटसरू. संध्याकाळी भाकर खाताना मात्र त्याच्याच तोंडून निघून गेलं की बीबी गावच्या ओढ्यात कुठंतरी पडली असावी. तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं. आता ती दोन्ही उत्तरं तिच्यापुढे शेजारी शेजारी उभी राहिली.

आणि तिसरी एक गोष्ट होती. मागल्या साली दुसरबीडच्या बाजारात अन्वर रंगरावच्या छकड्याच्या सावलीत बसला म्हणून रंगरावने लाथेने त्याचं चाक उलथून टाकलं होतं. चाकाचा दगड फुटला. अन्वर घरी येऊन जेवला नाही, आणि एकच वाक्य बोलला, की अशा माणसाला कुणीतरी एकदा आडवा केला पाहिजे.

घरामागे भाता चालल्याचा आवाज येत होता. सलीमा दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. अन्वर पाठमोरा होता. त्याचे हात तिने किती वर्षं पाहिले होते. लेक नूरजहां, जी आता सासरी आहे, ती झाली तेव्हा घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, तर याच हातांनी त्याने सलीमाला पेज करून पाजली होती. आज तेच हात तिला परके वाटले. त्याने मागे वळून पाहू नये असं तिला वाटलं. विचारलं तर तो काय सांगेल याची भीती, आणि न विचारता या माणसाशेजारी भाकर खायची त्याचीही भीती.

शेवटी तिने एवढंच म्हटलं की फकीर मोहम्मद येऊन गेला, आणि काय सांगून गेला ते सांगितलं.

भाता थांबला. अन्वरने हातातली सांडशी खाली ठेवली. मग बोलला तेव्हा तिच्याकडे पाहूनच बोलला.

"मी नाही केलं. पण सुरी माहीच हाय. इकली नाही अन् हरपलीही नाही. देल्ली."

दुसरबीडच्या अलीकडे नाल्याकाठी तानुबाईचं वावर होतं. नवरा मरून गेलेला, मूल नाही, चार एकर काळी जमीन आणि एक खोपटं. येता-जाता अन्वर तिथं पाणी प्यायला थांबायचा आणि बदल्यात तिच्या विळ्याला धार लावून द्यायचा. तिच्या बांधाला लागून रंगरावचं शेत. आधी तो जमीन मागत होता, मग दुसरंच मागायला लागला. हे तिने अन्वरला उघड कधी सांगितलं नव्हतं. यावेळी मात्र ती पाण्याचा गडवा हातात धरून उभी राहिली आणि विचारलं, दादा, कमरेले लपन अशी सुरी हाय का. बाकीच्या सगळ्या मोठ्या होत्या. लपेल अशी ती एकच होती.

"कायले पाहिजे ते मी विचारलं नाही," अन्वर म्हणाला. "तिचं तोंड पाहिलं अन् सोडून देल्ली."

सलीमाच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी दुसरा येऊन बसला. तिने विचारलं की जमादार आला तर काय सांगणार. अन्वर म्हणाला, वाटसरूला इकली. जमादार मारेल असं तिने म्हटल्यावर म्हणाला, मारन तर मारन. तिला त्याचा राग आला, त्या न पाहिलेल्या बाईचाही आला. परक्या बाईपायी हा आपल्याला उघड्यावर टाकतो आहे, असं ती बोलूनही गेली. अन्वरने भाता पुन्हा धरला.

जमादार दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. घरातली सगळी हत्यारं त्याने अंगणात ओतली, उरलेला पट्ट्याच्या लाकडाचा तुकडा उचलून घेतला आणि अन्वरच्या हाताला दोरी बांधली. गल्लीतले लोक आपापल्या दारातून पाहत होते. जे रोज हाक मारायचे त्यांनी मान फिरवली. कोपऱ्यावरून वळताना अन्वरने मागे पाहिलं आणि मान हलवली. बोलू नको, असं ते होतं.

सलीमा सांजपर्यंत भिंतीला टेकून बसली. आता ठाण्यात काय चाललं असेल हे तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने बुरखा घातला आणि दुसरबीडच्या वाटेला लागली. मनात एकच होतं. त्या बाईला हाताला धरून ठाण्यात न्यायचं आणि म्हणायचं, ही घ्या, माझा माणूस सोडा.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती पोचली. तानुबाई हरभऱ्यात वाकून गवत काढत होती. अनोळखी बाई बांधावर दिसताच ती ताठ झाली आणि हातातला विळा तिने मागे नेला. सलीमाने आपलं नाव सांगितलं, अन्वरचं सांगितलं, दोरीचं सांगितलं. तानुबाई तशीच खाली बसली. तिने डोळ्याला पदर लावला तेव्हा तो गळ्यावरून सरकला. गळ्यावर दोन्ही बाजूंनी निळे-पिवळे वळ होते. बोटं मोजता आली असती.

सलीमा रस्ताभर जे बोलायचं ठरवत आली होती त्यातलं काहीच तिला आठवेना.

तानुबाईनेच बोलायला सुरुवात केली. रंगराव दिवस बुडताना बांधावर आला. ती ओरडली नाही, ओरडून ऐकणार कोण. सुरी तिने कशी काढली हे तिला आठवत नव्हतं, फक्त ती आत गेली तेव्हा मूठ हातातून निसटली नाही एवढं आठवत होतं. तो बांध ओलांडून आपल्या शेतात गेला, सुरी त्याने स्वतःच उपसून फेकली, आणि मग पडला. तेव्हापासून तिला रोज वाटत होतं, आज येतील. कुत्रं भुंकलं तरी ती खोपटात शिरून दाराला टेकून बसत होती.

"चाल भाभी, मी येतो," ती म्हणाली. "दादाचे हाल माह्यापायी नको. काय होईन ते होईन."

तिने खरोखरच खोपटात जाऊन लुगड्याचं गाठोडं बांधलं. दाराला कडी घातली. दोघी नाल्यापर्यंत आल्या आणि सलीमाच थांबली. ही बाई ठाण्यात उभी राहील. तिला विचारतील, तो आला तेव्हा तू एकटी काऊन होती. मग विचारतील सुरी कुणी दिली. अन्वर सुटणार नव्हताच, एकाऐवजी दोघं जातील. आणि हे मनात फिरत असताना दुसरंच काहीतरी तिला टोचलं.

"रंगरावनं तुले पाहिलं होतं?"

"पाहिलं म्हंजे? माहा गळा त्याच्या हातात होता."

"मंग त्यानं तुहं नाव काऊन नाही घेतलं?"

तानुबाईने गाठोडं खाली ठेवलं. फकीर मोहम्मदने सांगितलेलं सलीमाला आठवलं. रंगरावने पोलिसांना सांगितलं होतं की चोर होते, तोंडाला फडकं बांधलेले, कुणाला ओळखलं नाही. इतका मोठा माणूस, पोटात सुरी खाऊन पडला आणि खोटं बोलला. म्हणजे त्यालाही कशाची तरी भीती होती. एका रांडमुंड बाईने आपल्याला आडवं केलं हे गावाला कळण्याची, किंवा आपण तिच्या बांधावर काय करत होतो हे विचारलं जाण्याची.

सलीमाने तानुबाईला घरी परत पाठवलं. कुणी काही विचारलं तरी तोंड उघडू नको, एवढंच सांगितलं. आपल्या डोक्यात काय आलं आहे ते तिने तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्वतःचंच अवसान गळालं असतं.

मुक्काम तिने वाटेत एका नातलगाकडे केला आणि दुसऱ्या दिवशी मेहकर गाठलं. ठाण्याच्या पायऱ्या ती भिंतीला धरून इतकी हळू चढली की शिपायाला वाटलं बाई आजारी आहे. आतल्या खोलीतून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज येत होता. तो अन्वरचा आहे की दुसऱ्याचा हे तिला ओळखू आलं नाही आणि ओळखू येऊ नये म्हणून तिने कान बंद केल्यासारखं केलं.

ठाणेदारासमोर टेबलावर सुरी होती. मुठीच्या रेघांमध्ये रक्त वाळून काळं झालं होतं. सलीमाने सांगितलं की सुरी आमच्या घरची आहे, मूठ मी बसवली आहे, आणि ती रंगराव पाटलांकडे होती. दुसरबीडला त्यांनी ती चाकावरून जबरीने काढून घेतली. माझा माणूस मोठ्या माणसाचं नाव घ्यायला भ्याला म्हणून वाटसरूला विकली म्हणतो. चोरांनी पाटलांच्या कमरेची सुरी काढून त्यांनाच मारली असेल.

ठाणेदाराने तिला वरखाली न्याहाळलं. मग टोपी घालून उठला आणि म्हणाला, चल, पाटलालाच विचारू. खोटं निघालं तर नवऱ्याच्या शेजारी तूही.

ठाण्यापासून दवाखाना दूर नव्हता. आपण काय करून बसलो हे तिला आत्ता कळत होतं. त्या माणसाने नुसतं "नाही" म्हटलं की संपलं. तो खरोखर भितो की नाही, एवढ्यावर तिने घर पणाला लावलं होतं. मागे वळावं, पाय धरावेत, सगळं खरं सांगून टाकावं असं तिला फाटकाशीही वाटलं. पण शिपाई मागून चालत होता.

रंगराव लोखंडी खाटेवर पडला होता. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली, पोटाला पट्ट्या. ठाणेदाराने सुरी त्याच्यापुढे धरली तशी त्याने नजर बाजूला घेतली. ठाणेदार म्हणाला की ही शिकलगाराची बाई म्हणते सुरी तुमचीच आहे.

रंगरावने सलीमाकडे पाहिलं. आधी त्याला कळलंच नाही. मग कपाळाला आठी पडली, ओठ हलले. तो काय म्हणणार हे तिला त्या ओठांवर दिसलं, आणि तो म्हणायच्या आत ती बोलली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"पाटील, मी काल तुमच्याच शिवारात होती. तुमच्या बांधाशेजारी तो हरभरा हाय ना, त्या वावरात बसली होती."

कंपाउंडर बाटल्या पुसत होता तो थांबला. रंगरावच्या चेहऱ्यावरची आठी हळूहळू गेली आणि तिच्या जागी जे आलं ते सलीमाने गेले चार दिवस आरशात पाहिलं असतं, घरात आरसा असता तर. त्याने खाटेची कड धरली. ठाणेदाराने पुन्हा विचारलं.

"हाव," रंगराव म्हणाला. "माहीच हाय. शिकलगाराकडून घेतली होती."

आधी का नाही सांगितलं, तर म्हणाला, शुद्ध कुठं होती. ठाणेदाराचं त्याने समाधान झालं असं नाही. तो सलीमाकडे पाहून काहीतरी बोलणार होता, पण पाटलाच्या तोंडचं म्हणणं खोडायचं त्याला कारण नव्हतं.

अन्वर सुटला. त्याला बैलगाडीतून आणावं लागलं, तळपाय टेकवत नव्हते आणि उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. तू काय सांगितलंस म्हणून त्याने विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. ऐकून तो घाबरला. ठाण्यात मार खाताना जो घाबरला नव्हता तो आता घाबरला. पाटील बरा होऊन येईल, म्हणाला, मग आपलं कोण आहे. सलीमालाही तेच वाटत होतं. तिने पाती आणि चाक दोन्ही हाती घेतलं, गल्लीतली दारं पुन्हा उघडली, फकीर मोहम्मद गोश्त ठेवून जाऊ लागला, पण दारात कुणाची सावली पडली की तिचा जीव वर यायचा.

हरभरा निघून गेला, ऊन तापायला लागलं, तेव्हा तो आला. भर दुपारी, छकडं रस्त्यावर सोडून, एकटा. अन्वर आत निजला होता. रंगराव वाळला होता, एका बाजूला किंचित झुकून चालत होता. त्याने कमरेचं फडकं सोडलं आणि सुरी ओट्यावर ठेवली. सरकारने ती त्याची म्हणून त्याला परत दिली होती.

सलीमा उठली नाही.

"मूठ बदलून दे," तो म्हणाला. "साधी बसव. बाभळीची, कशाचीही."

मोडली का म्हणून तिने विचारलं. तो रस्त्याकडे पाहत म्हणाला की लोक ही मूठ ओळखतात. घरात कुठंही ठेवली तरी दिसते. फेकून दिली तर विचारतात काय झालं त्या सुरीचं.

सलीमाने सुरी हातात घेतली. खिळे काढण्यासाठी तिने ती आडवी धरली तेव्हा पात्याचं टोक त्याच्या बाजूला झालं. रंगराव दोन पावलं मागे सरला, ओट्याच्या कडेपासून पार उन्हात गेला, आणि तिथंच उभा राहिला. तिने वर पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता, तिच्या हाताकडे पाहत होता.

तिने खिळे ठोकून काढले, लाख तापवून सैल केली, पट्ट्याची मूठ काढून बाजूला ठेवली. बाभळीची एक तयार होती ती बसवली. एक खिळा वाकडा गेला, तो काढून दुसरा मारला. तेवढा सगळा वेळ तो उन्हात उभा होता, डोक्यावर फडकं धरून. तानुबाईचं नाव त्याने काढलं नाही, तिनेही नाही. काम झाल्यावर तिने सुरी पातं आपल्याकडे करून ओट्याच्या टोकाला ठेवली आणि स्वतः मागे भिंतीपाशी गेली. मगच तो पुढे आला. उचलून फडक्यात गुंडाळली आणि छकड्याकडे चालू लागला.

अन्वरने आतून कोण होतं म्हणून विचारलं. गिऱ्हाईक, ती म्हणाली. मग जरा वेळाने खरं सांगितलं. तो उठून बसला, त्याने विचारलं, काही म्हणाला का.

"मूठ बदलून मागत होता," सलीमा म्हणाली. "माह्यापासून लांब उभा होता."

पुढल्या बाजाराला अन्वरची बोटं थोडी मिटू लागली होती, तरी चाक घेऊन सलीमाच गेली. दुसरबीडच्या अलीकडे तानुबाई नांगरलेल्या वावरात ढेकळं फोडत होती. तिने हात केला. सलीमा बांधापर्यंत गेली, दोघी गडव्यातलं पाणी प्यायल्या. रंगराव आपल्या शेतात त्या बाजूला येतो का, असं सलीमाने विचारलं. तानुबाई म्हणाली की गडीमाणसं येतात, तो येत नाही. पण दिवस बुडायला लागला की ती अजूनही दाराला आतून लाकूड लावते.

सलीमाने मान डोलावली. तीही लावत होती.